तिथी बघा, मग किल्ला ठरवा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत समुद्र शिरतो. यंदा त्याला आणखी एक कारण आहे. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार कोकण किनाऱ्यावरचे. घरच्या माणसांना घेऊन एका दिवसात किल्ला नीट कसा बघावा, हाच बहुतेक पत्रांचा रोख आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

सांगलीहून एक वाचक: आम्ही सहा जण. आई बहात्तर वर्षांची, गुडघे दुखतात. मुलं सात आणि अकरा वर्षांची. मालवणला दोन दिवस मुक्काम आहे. सिंधुदुर्ग करावा की विजयदुर्ग? की दोन्ही?

दोन्ही करा, पण एका दिवसात नको. मालवणहून देवगडमार्गे विजयदुर्गला जायलाच दोन-अडीच तास लागतात. येताजाता पाच तास गाडीत गेले की किल्ल्यावर उरतात ते फक्त फोटो.

पहिला दिवस सिंधुदुर्गाला द्या, आणि तोही सकाळचा. याचं कारण वाऱ्यात आहे. पावसाळा संपल्यापासून पुढे कोकणात सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा आणि हलका. साडेअकरा-बाराच्या पुढे जमीन तापते, खारा वारा उठतो आणि लाटा वाढतात. धक्क्यापासून कुरटे बेटापर्यंतचं अंतर जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं, पण सकाळी आठ-नऊला होडीत चढणं आणि दुपारी एकला हलत्या होडीत पाय टाकणं यांत गुडघेदुखीच्या माणसाला जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. आईंना होडीत चढताना पुढून हात धरून ओढू नका. एकाने आधी होडीत उतरून समोर उभं राहावं, दुसऱ्याने मागून कमरेला आधार द्यावा, आणि होडी लाटेबरोबर वर येईल त्या क्षणी पाय टाकायला सांगावं. ती खाली जात असताना टाकलेला पाय हवेत पडतो. बहुतेक वेळा मुरगळतो तो असाच.

मुलांना लहान मापाचं जीवरक्षक जाकीट मागा. अंगात घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचला. जाकीट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. होडीवाल्याकडे लहान माप नसेल तर पुढच्या होडीची वाट बघा.

परतीची वेळ होडीत बसण्याआधीच ठरवून घ्या. साधारण तासाभराने होडी परत निघते. किल्ला सुमारे 48 एकरांचा आणि तट जवळजवळ तीन किलोमीटर लांब. तासाभरात ‘सगळा’ बघायला निघालेली मंडळी घामाघूम होऊन परततात आणि विचारलं तर त्यांना एक देऊळ तेवढं आठवतं. दोन तास थांबायचं असेल तर तसं आधी बोला. सकाळी गर्दी कमी असताना होडीवाले बहुधा ऐकतात.

आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं दरवाज्यापाशीच घालवा. मुलांना धक्क्यावरूनच विचारा, ‘दार कुठे दिसतंय?’ दिसणार नाही. बुरुजांच्या वळणात ते असं बसवलंय की होडी अगदी जवळ आल्याशिवाय वाट कळत नाही. समोरून आलेल्या शत्रूच्या जहाजाला दारावर सरळ तोफ लावता येऊ नये, हा हेतू. आत शिरताना वाट वळते. त्या वळणावर धावत येणाऱ्यांचा वेग मोडतो आणि वरून मारा करता येतो. दाराच्या आतल्या बाजूला पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. दारामागे भिंतीत समोरासमोर चौकोनी खाचा शोधायला सांगा, त्या अडसराच्या. जाड लाकडी अडसर एका बाजूच्या खोल खाचेत पूर्ण सरकवून ठेवायचा आणि दार लावलं की ओढून दुसऱ्या बाजूच्या खाचेत अडकवायचा. एक खाच खोल आणि एक उथळ असते ती म्हणूनच. मुलांना हे एकदा दाखवलं की पुढच्या प्रत्येक किल्ल्यावर ती आधी खाच शोधतात.

तिथून शिवराजेश्वर मंदिरापर्यंतची वाट चालायला सोपी आहे. आईंनी तिथपर्यंत यावं आणि सावलीत बसावं. राजाराम महाराजांच्या काळातलं हे मंदिर. प्रवेशाजवळ चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे शिवाजी महाराजांचे म्हणून जपलेले आहेत, तेही बघा. तटावर मात्र आईंना चढवू नका. चढणं एकवेळ जमतं, उतरताना गुडघ्यावर भार येतो, आणि पायऱ्या उंच आहेत, कठडा नाही. मुलांना तटावर नेणार असाल तर मोठ्या माणसाने फांजीच्या, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेच्या, आतल्या बाजूने चालावं आणि मुलाला समुद्राकडच्या भिंतीलगत ठेवावं. आपलं लक्ष समुद्राकडे असतं. तिकडे कमरेपर्यंत भिंत असते, आतल्या बाजूला मात्र काहीच नसतं, आणि माणसं पडतात ती आत.

बांधकाम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं आणि तीनेक वर्षं चाललं. पायात शिसं ओतून चिरे बसवले. तट सरळ न ठेवता जागोजाग आत-बाहेर वळवलाय, म्हणजे भिंतीच्या पायाशी आलेला माणूस कुठल्या ना कुठल्या बुरुजावरून दिसतोच. तटावर उभं राहून शेजारच्या बुरुजाकडे बघा, लगेच कळतं. आत आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्या अंगणात डोकावून फोटो काढू नका. ते तुमच्यासारखेच घरी आहेत.

दुसरा दिवस विजयदुर्गाला. तिथे होडी नाही, गाडी दरवाज्याजवळ जाते, त्यामुळे आईंना हाच किल्ला जास्त मानवेल. मूळ किल्ला शिलाहार भोजाचा मानतात. 1653 मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि विजयदुर्ग नाव दिलं. एकामागे एक असे तीन तट इथे स्पष्ट दिसतात. जिभीच्या दरवाज्यातून आत जाताना बाहेरच्या तटाची उंची आणि आतल्याची उंची मुलांना ताडून बघू द्या. आतला तट उंच आहे, म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी मारा करता येतो आणि पुढच्या लोकांच्या डोक्यावरून मागच्यांचे गोळे जातात. 1756 मध्ये इंग्रजांनी समुद्रातून तोफा डागून हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. ऑक्टोबरात आत गवत कमरेएवढं असतं, म्हणून मळलेली वाट सोडू नका.

पुण्याहून एक वाचक: अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं म्हणतात. पण आम्ही गेलो त्या दोन्ही वेळी पाणी भरलेलं. वेळ आधी कशी काढायची?

पंचांगावरून. कोळी मंडळींचा जुना हिशेब आहे: पक्षातल्या तिथीला तिनाने गुणा आणि चाराने भागा. येईल तो पूर्ण भरतीचा तास. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी.

पंचमी धरा. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला आणि तशीच संध्याकाळी. तुमची फेरी फुकट गेली ती बहुधा अशाच दिवशी अकरा-बाराला पोहोचल्यामुळे. तेव्हा तिथे उधाणाची पूर्ण भरती असते.

हा हिशेब मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बसतो. दक्षिणेला रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते. दिवस ठरवायला तो पुरतो. मिनिटं ठरवायला मुंबई बंदराचं भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक किंवा मोबाइलवरचं बघा, आणि अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचल्यावर टांगेवाल्याला विचारा. पाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा.

कुटुंबासाठी चांगल्या तिथी तृतीया ते षष्ठी. ओहोटी साडेआठ ते पावणेअकराच्या दरम्यान येते, ऊन चढायच्या आत जाऊन येता येतं. अष्टमी-नवमीला वेळ सोयीची दिसते, पण ती भांगाची ओहोटी. भरतीचं पाणी कमी चढतं तसं ओहोटीचं कमी उतरतं. चालायच्या वाटेवर घोट्याएवढं, कधी गुडघ्याएवढं पाणी राहतं.

आता खरी अडचण. जाताना कोणी चुकत नाही, येताना चुकतात. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. चढ साडेतीन मीटरचा असेल तर ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी फूटभर वाढतं, दुसऱ्यात दोन फूट, तिसऱ्यात जवळजवळ तीन फूट. पहिल्या तासातलं पाणी बघून ‘काही विशेष नाही’ असं वाटतं आणि माणसं निवांत डबा उघडतात. त्यातून तटाच्या आत असताना समुद्र दिसत नाही. पाणी समोरून लाटेसारखंही येत नाही, दोन्ही बाजूंच्या सखल पट्ट्यांतून गुपचूप भरतं.

म्हणून ओहोटीच्या दीड तास आधी चालायला लागा, आणि ओहोटीनंतर तासाभराच्या आत परत वाळूत या. मोबाइलवर गजर लावा. चुकलात तर पाण्यात उतरू नका, होडीने या. भाडं जाईल एवढंच.

पायांत मागे पट्टा असलेली सँडल हवी. अनवाणी नको, कारण खडकांवर कालवांची शिंपलं ब्लेडसारखी असतात. रबरी स्लिपर चिखलात अडकून तुटते.

किल्ल्यात बघायचं म्हणाल तर आधी तटाची भिंत. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि जोर मोडून बाहेर येतं. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आणि गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं तिकीट लागतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही.

ठाण्याहून सातवीतला वाचक: कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या दोन तोफा आहेत. गाइड म्हणाले त्या कान्होजी आंग्र्यांच्या. पण तोफेवर इंग्रजीत लिहिलंय. मग खरं काय?

तू वाचलंस तेच खरं. त्या तोफांवर 1849 हे साल आणि इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. कान्होजी 1729 मध्ये वारले. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान इंग्रजांनी 1840 मध्ये खालसा केलं. म्हणजे या तोफा ओतल्या गेल्या तेव्हा किल्ला इंग्रजांकडे होता. गाइडशी भांडू नकोस, साल दाखव. पुढच्या वेळी तो बरोबर सांगेल.

पुढच्या किल्ल्यावर जाताना आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप, वही आणि पेन्सिल घे. जुन्या इंग्रजी तोफांवर कधीकधी 24-3-14 असे तीन आकडे कोरलेले सापडतात. हे तोफेचं वजन. पहिला आकडा 112 पौंडांचा, दुसरा 28 पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. 24 गुणिले 112 म्हणजे 2688, त्यात 84 आणि 14 मिळव: 2786 पौंड, साधारण साडेबाराशे किलो. एवढा लोखंडाचा ओंडका बुरुजावर चढवायला किती माणसं लागली असतील, ते घरी बाबांबरोबर काढ.

मग तोंडाचा आतला व्यास मोज. सुमारे 148 मिलिमीटर आला तर ती 24 पौंडी तोफ, म्हणजे अकरा किलोच्या आसपासचा गोळा टाकणारी. साधारण 117 आला तर 12 पौंडी. गंजाने आतला थर झडलेला असतो, म्हणून पाच-सहा मिलिमीटर जास्त येऊ शकतात. टेप तोंडावरच धर, हात आत घालू नकोस. आत गांधीलमाश्यांचं पोळं असतं, कधी साप.

मागच्या टोकाजवळ वरच्या बाजूला एक बारीक भोक दिसेल. तो तोफेचा कान. तिथे दारू भरून बत्ती देत. त्यात लोखंड ठोकून बसवलेलं दिसलं तर समज, ती तोफ कुणीतरी मुद्दाम निकामी केलीय. किल्ला सोडून जाताना सैन्य हे करत असे, नाहीतर आपलीच तोफ उद्या आपल्यावर चालायची. दोन्ही अंगांना बाहेर आलेले जाड दांडे असतात, त्यांच्यावर तोफ गाड्यात टेकते आणि वरखाली होते. दांडे तुटलेली तोफ नेम धरायला निरुपयोगी. जमिनीत उलट्या पुरून धक्क्यावर होड्या बांधायला ठेवलेल्या तोफा तुला जागोजाग दिसतील, त्या बहुतेक अशाच.

कणकवलीहून एक शिक्षक: सहलीच्या माहितीपत्रकात ‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला’ असं लिहावं का?

असं लिहू नका, कारण हिशेब जुळत नाही. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं आणि ते बघायला परदेशातून शास्त्रज्ञ आले, हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी निरीक्षण केलं ते आंध्रातल्या गुंटूरला. ज्यांचं नाव विजयदुर्गाशी जोडतात ते नॉर्मन लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ग्रहणाशिवायच, 20 ऑक्टोबर 1868 ला, तिथून सूर्याच्या कडेच्या प्रकाशात हेलियमची पिवळी रेषा पाहिली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला 1895 मध्ये, रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत.

किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत, ते जरूर दाखवा. 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. ‘या ग्रहणाच्या आठवणीशी स्थानिक लोक हे ओटे जोडतात’ एवढं वाक्य लिहा. मुलांना वर्णपट दाखवायचाच असेल तर एक काचेचा लोलक आणि पांढरा कागद न्या. दुपारी बाराला ओट्यावर सात रंग पाडता येतात, सहलीला तेवढं प्रात्यक्षिक पुष्कळ झालं.

कोल्हापूरहून एक वाचक: समुद्राच्या मधोमध विहिरीचं पाणी गोड कसं? ते प्यावं का? आणि डब्याला काय न्यावं?

सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चमत्कार नाही, पाऊस आहे. दक्षिण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तो बेटाच्या खडकाच्या भेगांत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्रपातळीच्या वर हातभर गोडं पाणी साठलं तर खाली चाळीस हातांपर्यंत खारं पाणी दाबलं जाऊ शकतं. हा समतोल टिकतो तोवर विहीर गोड. उपसा जास्त झाला की खालचं खारं वर येतं. विहीर उथळ का ठेवतात आणि रहाटाने बेताने का काढतात, ते यावरून लक्षात येईल.

प्यायचं म्हणाल तर, गोड म्हणजे निर्जंतुक नव्हे. घरूनच न्या: माणशी दोन लिटर, अर्ध्या दिवसाला. नुसतं पाणी ढोसून मुलं मरगळतात, कारण घामाबरोबर मीठही गेलेलं असतं. कोकम आगळ न्या. एक वाटी आगळाला सहा-सात वाट्या पाणी, किंचित जिरेपूड. मीठ घालू नका, आगळात ते असतंच. मुलांना आंबट लागलं तर साखर घाला किंवा अमृत कोकम न्या, पण मग त्यात चिमूटभर मीठ वरून टाकावं लागतं.

डब्यात ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दहीभात नको. बंद डब्यात उन्हाने तीन-चार तासांत आंबतात, आणि परतीच्या होडीत त्याचा प्रत्यय येतो. तांदळाची भाकरी किंवा घावणे, सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी, उकडलेली अंडी, गुळपोळी चालते. घावणे गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरले तर वाफेने गोळा होतो. कचऱ्याची पिशवी आपलीच न्या. कुरकुऱ्यांचं रिकामं पाकीट तटावरून उडालं की थेट समुद्रात जातं.

मुंबईहून एक वाचक: जंजिऱ्याला पंधरा जणांचा गोतावळा न्यायचा आहे. काय सांभाळावं?

शनिवार-रविवार सांभाळा, म्हणजे टाळा. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात. किल्ल्याच्या दाराशी होडी स्थिर बांधता येत नाही. ती पायरीला टेकते आणि लाटेच्या तालावर पटकन उतरावं लागतं. तान्हं मूल, गरोदर बाई आणि काठी घेऊन चालणारं माणूस यांना या होडीत बसवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासोबत दोघांनी मुरुडच्या किनाऱ्यावर थांबावं.

आत पाऊण तास मिळतो. पंधरा जण एकत्र फिरलात तर तो फोटोतच संपेल. तीन गट करा आणि जमायची जागा दरवाज्यातली देवडी ठरवा. हत्तींना पकडून धरणारा शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, दारावर कोरलाय, तो आत शिरतानाच बघा, बाहेर पडताना मागे गर्दी असते. मग कलालबांगडी. बावीस टनांच्या आसपासची ही तोफ बघून तटावरून समुद्राकडे बघा. मुरुडच्या बाजूला पाण्यात पद्मदुर्ग दिसेल. जंजिरा हाती येत नाही म्हणून महाराजांनी सिद्दीच्या नाकासमोर उभा केलेला किल्ला. दोन्ही एका नजरेत आले की तिथल्या वैराचा भूगोल कळतो. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये खाडीत दगड टाकून सेतू बांधायचा प्रयत्न केला होता, तोही याच पाण्यात.

चिपळूणहून एक वाचक: हर्णैला जातोय. मुलांसह सुवर्णदुर्ग जमेल?

पोहता येणारी मोठी मुलं, शांत समुद्र आणि सकाळची वेळ असेल तरच. तिथे धक्का नाही. मच्छीमाराची होडी ठरवावी लागते आणि उतरताना गुडघाभर पाण्यातून वाळूत किंवा खडकावर जावं लागतं. आत सावली कमी आणि झाडोरा फार. जमणार नसेल तर किनाऱ्यावरचा कनकदुर्ग करा, तिथून सुवर्णदुर्गाचा तट स्वच्छ दिसतो. जवळच गोवा किल्लाही आहे. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघा, मुलांना तोच जास्त आवडेल.

1755 मध्ये विल्यम जेम्स या इंग्रज अधिकाऱ्याने सुवर्णदुर्ग आंग्र्यांकडून घेतला. पुढे त्याच्या विधवेने 1784 मध्ये लंडनजवळ त्याच्या आठवणीत एक मनोरा बांधला आणि त्याला नाव दिलं ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. तो मनोरा अजून उभा आहे.

रत्नागिरीला येणारे एक वाचक: किल्ल्याबरोबर संग्रहालयही बघायचं आहे. एका दिवसात?

सहज. सकाळी रत्नदुर्ग, म्हणजे भगवती मंदिर आणि दीपगृहाची बाजू. ऊन चढलं की थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1910 पासून 1916 मध्ये मृत्यू येईपर्यंत इथे राहिला, आणि आता तिथे सरकारी संग्रहालय आहे. सोमवार मात्र टाळा, सरकारी संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. राजवाड्यातून बाहेर पडल्यावर जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघून घ्या.

बेळगावहून एक वाचक: पावसाळ्यात जाता येईल असा किल्ला कोणता? आणि भिंतींवर नावं कोरणाऱ्यांना काही शिक्षा आहे का?

जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत पाण्यातल्या किल्ल्यांच्या होड्या बंद असतात. एखादा ‘नेतो’ म्हणाला तरी जाऊ नका. जमिनीवरून जाता येणारे विजयदुर्ग, जयगड, रत्नदुर्ग, कोर्लई करता येतात. पण ओल्या जांभ्यावर शेवाळ धरतं आणि ते काळ्या दगडावरच्या शेवाळापेक्षा ओळखायला अवघड, कारण जांभा मुळातच गडद आणि खडबडीत दिसतो. पायऱ्या चढताना पाऊल आडवं टाका, उतरताना तर नक्कीच. विजा चमकायला लागल्या की बुरुजावर आणि ध्वजस्तंभाजवळ थांबू नका, देवडीत किंवा गाडीत या.

शिक्षेचं म्हणाल तर, राष्ट्रीय संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चुन्याचा गिलावा एकदा खरवडला की तिथून पाणी आत शिरतं, मुळं धरतात आणि चार-सहा पावसाळ्यांत चिरा ढिला होतो. कुणी कोरताना दिसलं तर वाद घालत बसू नका, तिकीटघरातल्या पहारेकऱ्याला सांगा.

आणि पावसाळ्यात जाणार असालच तर एक गोष्ट विसरू नका. किल्ल्यांवरच्या जुन्या विहिरी आणि टाकी बहुतेक ठिकाणी उघडी असतात, कठडा नाही, आणि जुलैत गवत काठाला टेकून वाढतं. वाटेवरून एक पाऊलही बाहेर टाकायचं तर काठीने पुढची जमीन ठोकून बघा, आणि मुलांना पुढे पळू देऊ नका.